पाहिला? मग एक प्रसंग सांग!

काय दोस्तांनो, ओळखा बघू, जून महिन्यात शाळेत सगळ्यात पहिला निबंध कुठला असतो? बरोब्बर! 'मी सुट्टीत काय केले.' आमच्या मोशीतल्या सोसायटीत आठवीतला एक पठ्ठ्या राहतो. गेल्या जूनमध्ये त्यानं या निबंधात ठोकून दिलं, 'मी सुट्टीत जगातले एकतीस महान चित्रपट पाहिले.' बाईंनी खाली लाल पेननं 'छान!' लिहिलं. आईला केवढा आनंद झाला! ती वही घेऊन थेट माझ्याकडे आली. मी सिनेमाबद्दल लिहितो ना, म्हणून.

वहीच्या मागच्या पानांवर शंभर सिनेमांची यादी होती. एका वर्तमानपत्रातून उतरवलेली, सुवाच्य अक्षरात, आणि एकतीस नावांपुढे बरोबरच्या खुणा. मी चाटच पडलो. मग पोराला बोलावलं आणि सहज विचारलं, "अरे वा, 'बायसिकल थीव्ज'सुद्धा पाहिलास? त्यातल्या त्या मुलाचं नाव काय रे?"

"कुठला मुलगा, काका?"

आता गंमत अशी, की त्या सिनेमात तो मुलगा जवळजवळ सबंध वेळ बापाच्या मागेमागे पळत असतो. तो ज्याला दिसला नाही, त्यानं नक्की काय पाहिलं? थोडं आढेवेढे घेऊन आमच्या यादीबहाद्दरानं सगळं कबूल केलं. बरेच सिनेमे दुप्पट वेगानं पळवले होते. काही मध्येमध्ये पुढे ढकलले होते. आणि आठ सिनेमांची तर नुसती गोष्ट वाचून खूण केली होती.

तुम्हाला वाटलं असेल, मी चांगला झापला असेल त्याला. नाही झापला. कारण सांगतो, पण आपल्यातच ठेवा. कॉलेजात असताना मी 'सिटिझन केन' पाहायला गेलो होतो. ऑर्सन वेल्सचा, १९४१ सालचा. जगातला सर्वश्रेष्ठ सिनेमा म्हणून ज्याचं नाव तेव्हा सगळे घेत, तोच. दिवसभर उन्हात सायकल हाणून आलो होतो. अंधार झाला, पंखा लागला, अन् माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा पडद्यावर काहीतरी जळत होतं आणि लोक उठत होते. बाहेर आल्यावर मित्रांनी विचारलं, कसा वाटला? मी म्हणालो, "वा! काय कॅमेरा आहे!" पुढे किती वर्षं मी हेच वाक्य वापरलं! एवढा घोडा झालेला माणूस खोटं बोलतो, तर आठवीतल्या पोराला कुठल्या तोंडानं रागवायचं?

पण मग प्रश्न उरतो, की ही यादी एवढी घाबरवते का? ती बनवतं तरी कोण?

अशा याद्यांमधली सगळ्यात जुनी आणि मानाची यादी 'साइट अँड साउंड' नावाचं एक ब्रिटिश मासिक काढतं. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते देशोदेशीच्या समीक्षकांना विचारतं, तुमच्या मते सगळ्यात मोठे दहा सिनेमे कुठले? आलेली मतं मोजतात आणि लावतात क्रम. वर्गातल्या मॉनिटरच्या निवडणुकीसारखंच! १९५२ मध्ये पहिला आला तो हाच, 'बायसिकल थीव्ज'. तेव्हा तो अवघा चार वर्षांचा होता. त्यानंतर १९६२ पासून २००२ पर्यंत सलग पाच वेळा 'सिटिझन केन' पहिला. २०१२ मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो' पुढे गेला. आणि २०२२ मध्ये मतं देणारे जवळजवळ दुप्पट झाले, सोळाशेच्या वर गेले, तेव्हा जो सिनेमा आधी पहिल्या दहांतसुद्धा नव्हता तो एकदम पहिला आला. शांताल आकरमान या बाईंनी १९७५ मध्ये केलेला. (तो मोठ्यांसाठी आहे हं, तुम्ही थांबा जरा दहा-बारा वर्षं.) सिनेमा तोच, त्यातली एक फ्रेमही बदललेली नाही. बदलले ते मतं देणारे. म्हणजे यादी ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. त्या शंभरात आपल्या देशाचा 'पथेर पांचाली' आहे, पस्तिसावा. मराठी सिनेमा एकही नाही.

हे सगळं ऐकल्यावर यादीबहाद्दर म्हणाला, "मग फाडू का काका ही यादी?"

फाडायची कशाला? रस्ता माहीत नसेल तर कुणीतरी सांगितलेल्या खुणा कामाला येतातच की. आम्ही वेगळं ठरवलं. दर रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये एक सिनेमा. भिंतीवर पांढरी चादर, कुणाच्या तरी काकांच्या क्लासमधला प्रोजेक्टर, आणि एकच नियम. पाहिलेल्या सिनेमातला एक प्रसंग स्वतःच्या शब्दांत सांगता आला, तरच खूण करायची. झोप लागली तर वहीत सरळ 'झोप आली' असं लिहायचं. लाजायचं नाही. मी उत्साहाच्या भरात सगळ्यांच्या नावांचा तक्ताही लावला होता, चांदण्या चिकटवायला. पहिल्याच रविवारी दोन मुलींची चांदणीवरून भांडणं लागली, तेव्हा तो गुपचूप काढून टाकला. चूक माझीच.

पहिला लावला चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स', १९३६ चा. का, माहीत आहे? त्यात बोलणं जवळजवळ नाहीच, त्यामुळे खालच्या इंग्रजी अक्षरांची कटकट नाही! चार्ली एका कारखान्यात कामाला असतो. समोरून पट्टा सरकत असतो, त्यावरून तुकडे येत असतात, आणि हा दोन्ही हातांत पाने घेऊन त्यांचे नट पिळत असतो. पट्टा थांबत नाही, म्हणून हाही थांबू शकत नाही. नाक खाजवलं की गडबड! सुट्टी झाली तरी त्याचे हात आपले पिळतच असतात. मालकाला एक यंत्र विकायला येतात. कामगाराला जेवणासाठी उठावं लागू नये म्हणून तेच त्याला भरवणार. ते यंत्र बिघडतं आणि मक्याचं कणीस चार्लीच्या तोंडावर गरागरा फिरायला लागतं, तेव्हा मुलं खुर्च्यांवरून खाली पडायची राहिली होती.

आता मोशी कुठे आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीची एमआयडीसी ओलांडली की मोशी, आणि मोशीच्या पुढे चाकण. म्हणजे दोन्ही बाजूंना कारखानेच कारखाने. आमच्या सोसायटीतले निम्मे बाबा कुठल्या ना कुठल्या शिफ्टला जातात. त्या दिवशी पहिल्या पाळीवरून आलेले एक बाबा मागे दाराशी उभे राहून पाहत होते. मालक मोठ्या पडद्यावरून कामगारांवर नजर ठेवतो, चार्ली संडासात जाऊन सिगरेट ओढायला लागतो तर तिथल्या भिंतीवरही मालक उगवतो, त्या प्रसंगाला ते एकटेच मोठ्यानं हसले. नंतर म्हणाले, "आमच्याकडे साहेब पडद्यावर येत नाही. आकडा येतो. आज किती गाड्या व्हायला पाहिजेत अन् किती झाल्या, डोक्यावर बोर्डच लावलेला असतो." मग त्यांची सहावीतली मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही काय पिळता?" त्यांनी उभ्या उभ्या करून दाखवलं. गाडी समोर येते, हे दोन पावलं तिच्याबरोबर चालतात, वर टांगलेली गन ओढतात, चार बोल्ट, गन सोडली, परत दोन पावलं मागे. पुढची गाडी. पुन्हा दोन पावलं. हॉलमध्ये सगळे पाहत होते. "दिवसातनं किती वेळा?" त्यांनी आकडा सांगितला. ती पोरगी बराच वेळ काही बोलली नाही. बाबा 'कंपनीत जातात' एवढंच तिला माहीत होतं.

तिनं खूण केली आणि प्रसंग लिहिला तो चार्लीचा नाही, बाबांचा. मी चालवून घेतलं.

दुसऱ्या रविवारी 'बायसिकल थीव्ज'. इटालियन! खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती कोण वाचणार? दहावीतल्या ताईनं ती कामगिरी उचलली. क्रिकेटच्या समालोचनासारखी ती भराभर मराठीत सांगत होती, आणि चिडलेल्या माणसांचं चिडूनच! गोष्ट साधी आहे. महायुद्धानंतरचं रोम शहर. कामाला मोताद झालेल्या अंतोनियोला भिंतीवर पोस्टरं चिकटवण्याची नोकरी मिळते, पण अट एकच, स्वतःची सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. ती सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला! मग बाप आणि छोटा ब्रूनो, दोघं रविवारभर रोम पालथं घालतात. सापडते का? ते नाही सांगणार.

पण एक सांगतो. अंतोनियोचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा नट नव्हताच, कारखान्यातला कामगार होता. दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांनी त्याला हेरला. सिनेमा जगभर गाजला, आणि हा परत कामावर गेला तर कारखान्यानं त्याला कमी केलं. आमच्या हॉलमध्ये हे सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या आया 'अगंबाई' म्हणाल्या. कामावरून कमी करणं काय असतं, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही.

यादीबहाद्दरानं हा सिनेमा आता दुसऱ्यांदा, की पहिल्यांदाच म्हणू, पाहिला. त्यानं सांगितलेला प्रसंग असा: बाप वैतागून ब्रूनोला थोबाडीत मारतो. मग वाईट वाटून त्याला हॉटेलात नेतो, खिशात पैसे नसताना. ब्रूनो खातोय, पण त्याची नजर सारखी शेजारच्या टेबलावरच्या श्रीमंत मुलाकडे. "काका, तो मुलगा पण त्याच्याकडे बघतो. दोघं एकमेकांना एकदाही हसत नाहीत." दुप्पट वेगानं पाहिलं तेव्हा हा प्रसंग त्याला दिसला नव्हता. मी त्याला दोन खुणा करायला सांगितल्या असत्या, पण नियम म्हणजे नियम!

हाच सिनेमा १९५० मध्ये लंडनला एका बंगाली तरुणानं पाहिला आणि ठरवलं, आपणही असाच सिनेमा करायचा, खऱ्या जागी जाऊन, साध्या माणसांना घेऊन. त्याचं नाव सत्यजित राय. त्यांचा सिनेमा 'पथेर पांचाली', १९५५ चा, म्हणून आम्ही तिसऱ्या रविवारी ओळीनं तोच लावला. आणि काय सांगू, हॉल निम्मा रिकामा! तो हळू चालतो, ही गोष्ट खरीच आहे. पाचवीतल्या एका मुलीनं 'झोप आली' असं लिहिलं. वर तीच म्हणाली, "पण तो मिठाईवाला जातो ना, त्याच्यामागे दुर्गा आणि अपू, आणि त्यांच्यामागे कुत्रा, सगळे तळ्यात उलटे दिसतात, ते मला आवडलं." आता सांगा, हिला खूण द्यायची का नाही? झोप आणि प्रसंग दोन्ही खरे! दिली.

दुर्गा आणि अपू पांढऱ्या शुभ्र काशफुलांतून आगगाडी पाहायला पळतात, तो प्रसंग तर सगळ्यांनाच आठवला. त्याची गंमत ऐका. राय यांनी पहिल्या दिवशी थोडं चित्रण केलं आणि आठवड्यानं उरलेलं करायला परत गेले, तर शेतात फुलंच नाहीत! गुरांनी सगळी खाऊन टाकलेली. मग काय, पुढच्या मोसमात फुलं येईपर्यंत थांबले. पैशांचंही तसंच, कधी विमा पॉलिसी गहाण, कधी बायकोचे दागिने. एक सिनेमा पुरा व्हायला दोन वर्षांच्या वर गेली.

इथपर्यंत यादीतलंच चाललं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजी दर रविवारी येऊन पहिल्या रांगेत बसत. त्या एक दिवस म्हणाल्या, "आमचा तुकाराम कधी लावणार?" यादीबहाद्दर म्हणाला, "आजी, तो यादीत नाही." आजी म्हणाल्या, "तुझ्या यादीवाल्यानं पाहिला असेल का तो?"

मुद्दा बिनतोड होता. प्रभातचा 'संत तुकाराम' लागला. दामले आणि फत्तेलाल यांनी पुण्यात काढलेला. साल कुठलं? १९३६! म्हणजे चॅप्लिन तिकडे पट्ट्यावरचे नट पिळत होता, त्याच वर्षी इकडे विष्णुपंत पागनीस टाळ घेऊन उभे होते. मुंबईत हा सिनेमा एकाच थिएटरात वर्षभराहून जास्त चालला, सत्तावन्न आठवडे. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम सिनेमांत त्याची निवड झाली. आपल्या देशातल्या सिनेमाला परदेशात सुरुवातीच्या काळात मिळालेल्या मानांपैकी हा एक. शांताराम आठवले यांनी त्यात एक अभंग स्वतः लिहून घातलाय, तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की पुष्कळांना गाथेतलाच वाटतो.

मला वाटलं होतं, मुलं कंटाळणार. जुनी भाषा, काळंपांढरं चित्र, खरखरता आवाज. पण गौरीबाईंनी रंगवलेली जिजाई आली आणि हॉल जागा झाला! मूल आजारी, नवरा भजनात. ही पोराला घेऊन तरातरा देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन विठोबालाच फैलावर घेते. मुलं आधी खो खो हसली. मग एकदम गप्प झाली, कारण ती चेष्टा करत नव्हती. "माझी आई पण अशीच बोलते देवाशी, फक्त चप्पल नसते," असं कुणीतरी म्हणालं आणि त्या आईनं मागून डोळे वटारले.

आणि मग गाथा बुडवण्याचा प्रसंग. मोशीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी. देहूहून येणारी इंद्रायणी आमच्याजवळून आळंदीला जाते. नाशिक रस्त्यावरच्या पुलावरून आमची शाळेची बस रोज तिच्यावरून जाते. खिडक्या बंद करून! कधी जलपर्णी, कधी काळं पाणी. आळंदीत तर नदीवर साबणासारखा फेस आलेला हल्ली सगळ्यांनीच पाहिलाय. पडद्यावर तुकोबा वह्या पाण्यात सोडतात आणि तेरा दिवस काठावर बसून राहतात, तेव्हा सहावीतल्या त्याच मुलीनं हळूच विचारलं, "काका, ही आपलीच नदी?"

"हो. गोष्ट तिचीच आहे."

"आत्ता बुडवल्या असत्या तर वर आलेल्या दिसल्याच नसत्या."

कुणी हसलं नाही. आजींनी तिला जवळ ओढून घेतलं आणि पुढचं पाहू लागल्या.

सिनेमा संपल्यावर यादीबहाद्दर माझ्यामागे लागला, की हा यादीत का नाही? आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' का नाही? तो तर पहिला! फाळक्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. पैसे घालणाऱ्याला सिनेमाची जादू पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तो उगवून वेल होईपर्यंत कॅमेऱ्यानं थोडं थोडं टिपला, आणि पडद्यावर मिनिटभरात वाढवून दाखवला. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कोरोनेशनमध्ये लागला. पण आज त्याची सगळी रिळं शिल्लकच नाहीत. 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, १९३१ चा, त्याची तर एकही प्रत सापडत नाही. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले पूर्ण किंवा तुकड्यातुकड्यांनी उरलेले मोजले तर शंभरसुद्धा भरत नाहीत. जुनी फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. शिवाय तिच्यात चांदी असते. खेळ बंद झाला की चांदीसाठी रिळं विकून टाकायची, असंही चालायचं. यादीत यायला मत लागतं, आणि मत द्यायला आधी सिनेमा उरायला लागतो ना!

जे उरलं ते कुणीतरी उठून गोळा केलं म्हणून. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. तिथले पी. के. नायर गावोगाव फिरून रिळं मिळवत. फाळक्यांच्या घरच्यांकडूनही त्यांनी ती आणली. लॉ कॉलेज रस्त्यावर हे संग्रहालय आहे आणि जवळच प्रभातचा जुना स्टुडिओ, जिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या जुन्या कोठारात २००३ च्या जानेवारीत आग लागली आणि पुष्कळ नायट्रेट रिळं गेली. ज्यांच्या प्रती आधीच करून ठेवल्या होत्या ते सिनेमे वाचले.

आता दोन शब्द आई-बाबांशी. यादीत आहे म्हणून सिनेमा मुलांचा असतोच असं नाही. आधी स्वतः पाहा. पाहताना शेजारी बसा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि कृपा करून संपल्या संपल्या "यातून काय शिकलास?" विचारू नका. मीही पूर्वी विचारायचो. मुलं शहाणी असतात, 'प्रामाणिकपणा' असं ठोकळ उत्तर देऊन मोकळी होतात.

यादीबहाद्दरानं काय केलं? एकतीस खुणा खोडरबरानं पुसायला गेला, तर पेननं केलेल्या! म्हणून त्यानं शेजारी नवीन रकाना आखला, 'प्रसंग'. त्यात सध्या सात नोंदी आहेत आणि दोनदा 'झोप आली'. मीही त्यात माझी नोंद केली. 'सिटिझन केन' शेवटी जागेपणी पाहिला. जळणारी वस्तू काय होती, ते मला तीस वर्षांनी कळलं!

यादीच्या तळाशी त्यानं एकशे एकावं नाव लिहिलंय, 'संत तुकाराम'. आजींना दाखवायला गेला तर त्या चष्मा सावरत म्हणाल्या, "एवढ्या खाली का रे? वर जागा नव्हती?"

येत्या रविवारी कुरोसावांचा 'सेव्हन समुराई' आहे, १९५४ चा. तीन तास सत्तावीस मिनिटं! मध्यंतरात पोहे कुणाकडचे, यावरून वाद चालू आहे. तुम्ही एखादा जुना सिनेमा पाहिलात तर त्यातला एक प्रसंग पोस्टकार्डावर लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. झोप आली असेल तर तेही लिहा.

तुमचा,
सिनेमावाला काका